वारांनी आखलेला नकाशा

अहिल्यानगर जिल्ह्यात जनावरांचा व्यापार करणाऱ्यांचा आठवडा गावांच्या नावांनी ओळखला जातो. बुधवारी राहाता तालुक्यातले लोणी, शुक्रवारी नेवासे तालुक्यातले घोडेगाव, शनिवारी श्रीगोंद्यातले काष्टी. सोमवारी शेजारच्या पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातले बेल्हे. शनिवारी चाकणलाही बाजार असतो; पण काष्टी आणि चाकण यांच्यात सरळ रेषेत मोजले तरी सुमारे पाऊणशे किलोमीटर अंतर पडते. जवळच्या बाजारांचे वार वेगळे आणि एकाच वाराचे बाजार लांब, असा हा हिशेब आहे. माणूस कुठे राहतो, कशासाठी कुठवर जातो आणि तिथेच का जातो, हे मानवी भूगोलाचे मूळ प्रश्न. त्यांची उत्तरे शोधायला आठवडे बाजारासारखी दुसरी जागा नाही.

जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या गावा-शहरांचा अभ्यास करून केंद्रस्थान सिद्धांत मांडला. त्याचा पाया दोन कल्पनांवर आहे. पहिली, किमान मागणी: धंदा तगायला निदान इतके गिऱ्हाईक हवेच. दुसरी, पल्ला: त्या वस्तूसाठी गिऱ्हाईक फार तर किती लांब जाईल. मीठ-मिरची रोज लागते आणि तिच्यासाठी कोणी कोसभर चालत नाही. म्हणून किराणा दुकान वाडीवाडीवर असते. बैलजोडी घेण्याची वेळ मात्र काही वर्षांतून एकदा येते. तिच्या बाजाराला शेकडो गावांचे गिऱ्हाईक लागते आणि शेतकरीही तिच्यासाठी दोन तालुके ओलांडतो. यातूनच वाडी, मोठे गाव, तालुका, जिल्हा अशी चढती उतरंड तयार होते आणि प्रत्येक केंद्राला आपापले षट्कोनी प्रभावक्षेत्र मिळते.

पण किमान मागणी जमवायला लागणारा मुलूख पल्ल्याहून मोठा निघाला तर? एका जागी बसलेला दुकानदार उपाशी मरेल. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ जेम्स स्टाइन यांनी कोरियातल्या बाजारांवरून १९६२ मध्ये याचा उलगडा केला: गिऱ्हाईक येत नसेल तर दुकानानेच उठून जावे. आपल्याकडचे कासार, कटलरीवाले आणि सुकट-बोंबील विकणाऱ्या बायका हेच करत आल्या आहेत. आज या गावात पाल ठोकायचे, उद्या दुसऱ्या. एका गावाचे गिऱ्हाईक पुरत नाही, सहा गावांचे मिळून पुरते. गिऱ्हाइकालाही आठवड्यातून एकच फेरी पडते आणि त्या फेरीत माळवे, चपलांची दुरुस्ती, विळ्याला धार अशी सगळी कामे उरकतात.

जनावरांच्या बाजारात भूगोलाचे आणखी एक अंग दिसते, ते म्हणजे माहितीचे. दावणीपुढे उभा राहून घेणारा आधी जनावराचे तोंड उघडतो. अदात, दुदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला: दातांवरून वय ठरते. मग सौदा. दोघांचे हात उपरण्याखाली जातात आणि बोटे दाबून भाव सांगितला जातो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आकडा कळत नाही, त्यामुळे एका सौद्यावरून दुसऱ्याचा भाव पडत नाही. दलालाला मात्र चार बाजारांचे भाव ठाऊक असतात. त्याची कमाई माहितीच्या या फरकावर चालते.

मानववंशशास्त्रज्ञ विल्यम स्किनर यांनी १९६४-६५ मध्ये चीनच्या सिच्वान प्रांताबद्दल लिहिताना एक मोठा दावा केला. शेतकऱ्याचे सामाजिक जग त्याच्या गावापुरते नसते, ते त्याच्या बाजाराच्या प्रभावक्षेत्राएवढे असते; सोयरिकी, उधारी, ओळखी त्याच वर्तुळात होतात. बाजारच्या दिवशी ज्यांच्याकडे लेकीबाळींचे निरोप येतात-जातात, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. आपल्याकडे इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी आठवडे बाजारांचा अभ्यास केला. तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९७० मध्ये प्रसिद्ध केला.

सिद्धांताच्या मर्यादाही सांगायला हव्यात. क्रिस्टालर यांनी सपाट मैदान आणि सारखी ऐपत गृहीत धरली होती. सह्याद्रीत घाट आडवा आला की दहा किलोमीटरचा पल्ला तीस किलोमीटरचा होतो. कायदा आणि रोगही पल्ला बदलतात. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हातारा बैल विकून, वर भर घालून नवा घेण्याचे शेतकऱ्याचे गणित विस्कटले. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. आणि हेच क्रिस्टालर दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीसाठी व्यापलेल्या पोलंडमधल्या वसाहतींचे आराखडे करत होते. माणसे हुसकावून रिकाम्या केलेल्या मुलखावर षट्कोन आखणे सोपे असते. म्हणून नकाशा कोणी आणि कोणासाठी काढला, हा प्रश्नही मानवी भूगोलाचाच.

तो आपल्या गावातही विचारावा. रस्ता रुंद झाला, व्यापारी गाळे उभे राहिले की पहिली कात्री बाजारतळाला लागते. दोन पाट्या भाजी घेऊन आलेली बाई डांबरी रस्त्याच्या कडेला जाते. तिथे सावली नसते, पाणी नसते, शौचालयही नसते. बाजाराची पावती मात्र तिच्याकडून घेतली जाते. पुढच्या ग्रामसभेत गावाचा आराखडा मागवून त्यात बाजारतळ कुठे दाखवला आहे ते पाहा. नसेल, तर तो दाखवायला लावा आणि पावतीच्या पैशांतून आधी शौचालय बांधायला सांगा.