पाण्यावरचा संसार

स्वतःच्या होडीत नवरा-बायकोने बिऱ्हाड करावे आणि पाण्यावाटे गावोगाव हिंडावे, ही कल्पना ऐकायला मोठी रम्य वाटते. गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी इंग्लंडमधल्या अशा एका जोडप्याची हकिगत सांगितली, तेव्हा वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. माझे आईवडील उजनीच्या पाण्यात होडी घालून मासेमारी करतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा होडीवरचा संसार कसा चालतो, हे वाचलेले आणि पाहिलेले दोन्ही एकत्र करून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सरांनी सांगितलेले जोडपे म्हणजे टॉम रोल्ट आणि त्यांची पत्नी अँजेला. रोल्ट हे शिक्षणाने इंजिनिअर. १९३९ च्या जुलै महिन्यात लग्न होताच दोघे 'क्रेसी' नावाच्या जुन्या लाकडी होडीतून बॅनबरी गावाहून निघाले आणि कालव्यांवाटे सुमारे चारशे मैल हिंडले. वाटेतच दुसरे महायुद्ध सुरू झाले. या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९४४ साली निघाले. ते वाचून लोकांचे लक्ष मोडकळीस आलेल्या कालव्यांकडे गेले आणि १९४६ मध्ये ते वाचविण्यासाठी एक संस्था उभी राहिली. १९५१ पर्यंत रोल्ट यांचे घर 'क्रेसी' हेच होते.

परंतु रोल्ट हौसेने पाण्यावर गेले. त्यांच्या आधी शंभर वर्षे जी कुटुंबे तेथे राहत होती, ती हौसेने गेलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि कालव्यावरच्या मालवाहतुकीचे दर पडले. मदतनिसाचा पगार परवडेना, काठावरच्या घराचे भाडे परवडेना. तेव्हा नावाड्यांनी घर सोडले आणि बायकापोरांना होडीवर आणले. सुमारे दहा फूट लांब आणि सात फुटांहूनही कमी रुंद अशा खोलीत चूल, बिछाना, मुले, सारे काही. बायको नवऱ्याबरोबरीने राबे, पण मजुरी नवऱ्याच्याच हाती पडे. मुलांच्या शाळेचे तर नावच नको. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने यावर आवाज उठविला आणि १८७७ साली कायदा झाला. होड्यांची नोंद होऊ लागली, एका होडीत किती माणसांनी राहावे हे ठरले, मुलांच्या शिक्षणाचाही त्यात विचार झाला. तथापि, आज येथे तर उद्या तेथे, अशा मुलांना शाळा मिळणे कठीणच राहिले.

आता एक शंका येईल. चढ-उताराच्या मुलखात होडी शेकडो मैल जाते कशी? त्याचे उत्तर जलपाश. जलपाश म्हणजे पुढे-मागे दरवाजे असलेला हौद. होडी खालच्या दाराने आत आली की ते दार लावतात आणि वरचे पाणी हौदात सोडतात. पाण्याबरोबर होडी वर चढते. पाणी समपातळीत आले की वरचे दार उघडून होडी पुढे जाते. येथे एकाने होडी सांभाळायची आणि दुसऱ्याने काठावर उतरून दारे उघडायची. एकट्याने हे सारे करणे फार जिकिरीचे.

आमच्याकडेही एकट्याचे काम नाही. संध्याकाळी जाळे सोडायचे आणि पहाटे काढायचे. आण्णा जाळे ओढतात त्या वेळी आई वल्ही मारून होडी वाऱ्यावर धरून ठेवते. ती चुकली तर जाळे फाटते किंवा होडी कलंडते. माशांत भरणा चिलापीचा. उजाडता उजाडता तो बाजारात पोहोचला पाहिजे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते, तसे आमचे पालही पाण्यामागे सरकते. पीठ, भांडी, अंथरूण सारे होडीतूनच जाते. वाऱ्याची भीती कायमची. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वादळात प्रवासी होडी उलटून सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्या रात्री आमच्या पालात कोणी जेवले नाही.

मात्र आमची होडी धरणापलीकडे जाऊ शकत नाही. आजोबा भीमेवर तर चालवीत. तेव्हा नदी वाहती होती. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. त्याच्या भिंतीत पाणी सोडण्याची दारे आहेत, होडी जाण्याचा जलपाश नाही. खाली नदीवर बंधारेच बंधारे आणि उन्हाळ्यात कोरडी वाळू. उजनीचे पाणी सोलापूरच्या नळाला येते, पण उजनीची होडी पंढरपूरलाही पोहोचत नाही.

मी लहानपणी गावी आजीजवळ राहिलो, म्हणून शाळा झाली. थोरली बहीण आईवडिलांबरोबर पाण्यावर राहिली. तिची शाळा चौथीतच सुटली. मासेमारीच्या परवान्यावर नाव एकट्या आण्णांचे आहे. निम्मे काम आईचे, पण कागदावर ती कोठेच नाही. यंदा दिवाळीत घरी गेलो तर आईचा खांदा धरलेला. हात वर होईना. सुट्टीभर तिच्या जागी मीच बसलो. पगारी माणूस ठेवणे आण्णांना परवडत नाही, आणि होडीला दुसरा माणूस तर हवाच. इंग्लंडच्या नावाड्यांपुढचा प्रश्न आज आमच्या दारात आहे. निघताना मी आईला विचारले, "राहू का गं मी?" ती म्हणाली, "परीक्षा तर होऊ दे, मग बघू."

होडीवरचा संसार दोघांचा असतो, आणि तिसऱ्याला शिकायचे असेल तर त्याला काठावर उतरावे लागते. मी उतरलो आहे. परंतु माझी पुस्तके कोणाच्या खांद्यावर आली आहेत, हे वर्गात बसताना विसरता येत नाही. निदान परवान्यावर आईचे नाव लागावे, यासाठी अर्ज कसा लिहायचा ते मी आता शिकतो आहे.

– द्वितीय वर्ष, कला