गिधाडांचा हिशेब कुणी ठेवलाच नाही!

गिधाड म्हटलं, की आपण नाक मुरडतो. दुसऱ्याच्या मरणावर टपलेल्या माणसालाही त्याचंच नाव देतो. पण या कुरूप पक्ष्याने भारतीय शेतकऱ्याची केवढी चाकरी केली, हे तो नाहीसा झाल्यावरच कळलं.

गावात बैल किंवा म्हैस मेली, की शिवेबाहेर नेऊन टाकायची, हा जुना रिवाज. सोलणारे कातडं नेत. मग आभाळातून गिधाडं उतरत आणि मोठा थवा बसला, की तासाभरात ढोराचा नुसता सांगाडा उरे. हाडं उन्हात वाळली, की वेचणारे ती गोळा करून खताच्या आणि जिलेटिनच्या कारखान्यांकडे पाठवीत. कोट्यवधी गुराढोरांच्या देशात सफाईचं हे खातं फुकट चालत होतं. ना पगार, ना डिझेल, ना संप!

१९९० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मान टाकून बसलेली, मेलेली गिधाडं दिसू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट टिपली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादंच उरलं. आधी साथीचा रोग असावा, असा संशय होता. खरा गुन्हेगार २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून उघड झाला : डायक्लोफिनॅक.

हे साधं वेदनाशामक. लंगडणारा बैल पुन्हा औताला जुंपता यावा, आजारी गाय उभी राहावी, म्हणून स्वस्तातलं इंजेक्शन टोचलं जाई. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण असं जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याचं मूत्रपिंड निकामी होई. शंभर मढ्यांत एखादंच असं विषारी असलं, तरी सगळी जात बुडायला तेवढं पुरे होतं.

मढी मात्र पडतच राहिली. त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. कुत्र्यांबरोबर रेबीज आला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज अंगावर काटा आणतो : २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली. मुंबईत पारशी समाजालाही डुंगरवाडीवर सूर्याची उष्णता एकवटणारे परावर्तक बसवावे लागले.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम होतं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच होत्या; २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिलिटरची करावी लागली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली.

हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास होते. पण घाई करून उपयोग नाही. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात.