अतिवृष्टीचं अनुदान, बोगस नावं आणि जनहित याचिका : आपल्या तालुक्यातल्या लोकांनी काय समजून घ्यावं

जांब समर्थ आणि आसपासच्या गावांत गेल्या काही महिन्यांपासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. “सर, या अनुदानाच्या घोटाळ्याची जनहित याचिका करता येते का? आणि केली तर आमचे पैसे मिळतील का?” प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळी आहेत. लोक मात्र ते एकाच दमात विचारतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी प्रकरण काय ते पाहू. जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळात अतिवृष्टी, गारपीट वगैरेंमुळे झालेल्या पीकनुकसानीचं अनुदान वाटलं गेलं. त्या वाटपात अपहार झाल्याच्या तक्रारी आल्या. जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी समिती नेमली, २०२५ मध्ये तलाठ्यांचं निलंबन झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात २८ जणांवर गुन्हा नोंदला गेला. रक्कम सांगितली गेली सुमारे २४ कोटी ९० लाख रुपये. जमीन नसलेल्यांची नावं यादीत घालणं, क्षेत्र वाढवून दाखवणं, एकाच माणसाला दोनदा पैसे देणं आणि वरिष्ठांचे लॉगिन-पासवर्ड वापरून याद्या मंजूर करून घेणं, असे आरोप आहेत. हे आरोपच आहेत हे लक्षात ठेवावं. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल, चहाच्या टपरीवर ठरत नाही.

हा पैसा येतो कुठून? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर मदत मिळते. केंद्राच्या निकषाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि मोसंबीसारख्या फळबागेला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकारने मध्यंतरी आपल्या तिजोरीतून हे दर वाढवले होते, मर्यादाही तीन हेक्टर केली होती. म्हणजे एका कोरडवाहू कुटुंबाच्या हातात पडणारी रक्कम तशी लहानच. पण अशी हजारो खाती एकत्र केली की कोटी होतात, आणि लबाडी करणाऱ्याची नजर त्या बेरजेवरच असते.

वाटपाची पद्धत अशी. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. त्यावरून यादी बनते, ती तहसीलमधून पोर्टलवर चढते. प्रत्येक नावाला विशिष्ट क्रमांक मिळतो. मग आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन अंगठा लावायचा, आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. संगणक आला म्हणजे चोरी संपली असं पुष्कळांना वाटलं होतं. पण संगणक फक्त आधार आणि खातं जुळतं का ते बघतो. बांधावर कापूस उभा होता की नाही हे त्याला कसं कळणार? ती खात्री तिघांच्या सहीवर अवलंबून असते.

इथे आपल्या घरांशी जोडलेली एक बाब सांगायला हवी, कारण शाळेत पालक कागद दाखवायला आणतात तेव्हा हेच पुन्हा पुन्हा दिसतं. सातबाऱ्यावर नाव असतं ‘शेख युसूफ शेख इस्माईल’, आधारवर ‘युसूफ इस्माईल शेख’, बँकेत फक्त ‘शेख युसूफ’. माणूस एकच, पण कागदावर तिघे. दुसरं म्हणजे वारसाचा फेरफार. अब्बा वारून दहा वर्षं झाली तरी सातबारा त्यांच्याच नावावर. अम्मीचं आणि बहिणींचं नाव तर चढवलेलंच नाही. तिसरं, आपल्यातले बरेच जण बटाईने शेती करतात. घाम बटाईदाराचा, अनुदान सातबारावाल्याचं. या तिन्ही कारणांनी पैसे अडले तर त्याला घोटाळा म्हणता येत नाही, आणि त्यासाठी जनहित याचिकाही होत नाही.

मग जनहित याचिका म्हणजे नेमकं काय? एरवी ज्याचा हक्क मारला गेला त्यानेच कोर्टात जायचं असतं. पण जिथे सोसणारे खूप असतात, गरीब असतात, कोर्टाची पायरी चढण्याची ऐपत नसते, तिथे दुसरा कोणीही नागरिक सर्वांच्या वतीने जाऊ शकतो. या वाटेची सुरुवात ज्या खटल्यांनी झाली त्यातला एक हुसैनआरा खातून या बाईंच्या नावाने ओळखला जातो. १९७९ चा. बिहारच्या तुरुंगांत खटला न चालताच वर्षानुवर्षं कोंडून पडलेल्या कैद्यांसाठी पुष्पा कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि हजारो कैदी सुटण्याचा मार्ग मोकळा झाला. आज याचिका संविधानाच्या कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात किंवा कलम २२६ खाली उच्च न्यायालयात करता येते. जालन्यासाठी ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ.

आपत्ती निधीच्या बाबतीत उच्च न्यायालयाचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ७१ प्रमाणे या कायद्याखाली सरकारने केलेल्या कामाविरुद्ध खालच्या कोर्टात दावा चालत नाही. दार उघडं आहे ते फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं.

अशा याचिकांनी काही घडतं का? घडतं, पण प्रत्येक वेळी नाही. आंध्र प्रदेश सरकारने आपत्ती निधीतले सुमारे १,१०० कोटी रुपये दुसऱ्या खात्यात वळवल्याची तक्रार याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ती रक्कम दोन आठवड्यांत परत आपत्ती निधीत भरायला सांगितली. उलट बाजूला पीएम केअर्स फंड. त्यातला पैसा राष्ट्रीय आपत्ती निधीत वळवावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२० ला नाकारली, आणि त्याच महिन्यात नागपूर खंडपीठानेही या फंडाच्या हिशेबाबद्दलची याचिका फेटाळली. फरक पाहा. आंध्रात सरकारी खात्याचे कागद बोलत होते. पीएम केअर्स हा वेगळा ट्रस्ट आहे, असं न्यायालयाने मानलं.

तिसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. कोविडमध्ये गेलेल्यांच्या वारसांना मदत मिळावी म्हणून याचिका झाली, ३० जून २०२१ ला निकाल लागला आणि पुढे ५०,००० रुपये देण्याचं ठरलं. हे पैसेही राज्य आपत्ती निधीतूनच. मग खोटे दावे होत असल्याचं समोर आलं, तेव्हा मार्च २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने महाराष्ट्र, केरळ, गुजरात आणि आंध्र प्रदेशातल्या ५ टक्के दाव्यांची तपासणी करायला केंद्राला परवानगी दिली. गरिबाला मदत मिळवून देणारं कोर्ट खोट्या दावेदाराच्याही मागे लागतं, हे यातून दिसतं.

त्यावरून एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. “तुझं आधार आणि पासबुक दे, पैसे आले की अर्धे तुझे” असं म्हणणारा कोणी भेटला तर तिथून उठून यावं. कलम ५२ प्रमाणे मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कलम ५३ मदतीचा पैसा खाणाऱ्यासाठी आहे, तिथेही शिक्षा दोन वर्षांपर्यंतच. फौजदारी कायद्यातली फसवणुकीची, अपहाराची कलमं याशिवाय. चौकशी आली की आधी सापडतो तो खातेदार, कारण बँकेच्या कागदावर नाव त्याचं. मधला माणूस रोख घेऊन गेलेला असतो. दोन-तीन हजारांसाठी वसुलीची नोटीस आणि पोलीस स्टेशनच्या चकरा कोणी ओढवून घ्याव्यात? घरातल्या तरुण पोरांना हे बसवून सांगा.

आता याचिका करायचीच असेल तर. नुसत्या पेपरच्या कात्रणांवर ती टिकणं कठीण. आधी माहितीचा अधिकार. दहा रुपये भरून तहसीलकडे आपल्या गावाची लाभार्थी यादी, पंचनाम्याच्या प्रती, मंजूर क्षेत्र मागता येतं. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ती यादी सातबाऱ्याशी ताडून बघा. ज्या गटात एकूण जमीनच दोन हेक्टर, तिथे पाच हेक्टरांचं अनुदान दिसलं तर तो पुरावा. मग जिल्हाधिकाऱ्यांना, विभागीय आयुक्तांना लेखी निवेदन आणि पोच. लोकायुक्तांकडेही तक्रार करता येते. एवढं करूनही हालचाल झाली नाही तर उच्च न्यायालय. तिथे पहिला प्रश्न येतो की तुमचा स्वतःचा यात काय फायदा? जनहित याचिकेसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे २०१० चे नियम आहेत. याचिकाकर्त्याने आपली माहिती, आपला हितसंबंध शपथेवर सांगावा लागतो. कोर्ट अनामत भरायला सांगू शकतं, आणि याचिका राजकीय वैरातून किंवा प्रसिद्धीसाठी आहे असं दिसलं तर दंडही करतं. गावकीच्या भांडणातून सरपंचाला धडा शिकवायचा म्हणून या वाटेला जाऊ नये.

आमच्या या प्रकरणात तर गुन्हा नोंदलेला आहे. अशा वेळी कोर्टाकडे मागण्यासारखं म्हणजे तपास वेळेत व्हावा, वसुली व्हावी, सुटलेल्या गावांची तपासणी व्हावी, आणि खरे नुकसानग्रस्त राहून गेले असतील तर त्यांची यादी पुन्हा करावी. यातली शेवटची मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. चर्चा मात्र कोण निलंबित झालं याचीच जास्त.

आणि तो दुसरा प्रश्न, आमचे पैसे मिळतील का? स्वतःचं अनुदान अडलं असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करा, सोबत पंचनाम्याची नोंद आणि तिन्ही कागदांवरचं नाव एकाच माणसाचं असल्याचं शपथपत्र जोडा. तरी नाकारलं तर स्वतःच्या नावाने रिट याचिका होते. वकिलाच्या फीचं काय म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये पूर आणि दुष्काळाने पोळलेल्यांना मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे, आणि स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही. जालन्याच्या जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण आहे. जाताना सातबारा, आधार, पासबुक, विशिष्ट क्रमांक असेल तर तो, आणि केलेल्या अर्जाची पोच, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा.