‘कामाला कुठे जाता?’ हेही कौशल्यच!

वाघोलीच्या दगडखाणीतला एखादा कामगार खोकला घेऊन दवाखान्यात येतो. ‘किती दिवस झाले?’ एवढेच विचारले, तर साध्या खोकल्याची नोंद होते. ‘कामाला कुठे जाता?’ असेही विचारले, तर दगडाची धूळ समोर येते आणि तपासणीची दिशा बदलते. रुग्णाला त्याचे काम विचारा, असे इटलीतील डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्येच सांगितले होते.

समोरच्याला बोलते करणे, ऐकलेले नेमके नोंदवणे आणि इतरांसोबत काम तडीस नेणे ही कौशल्ये संशोधन, सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय व्यवस्थापनातही तितकीच लागतात. पदव्युत्तर प्रवेश लगेच न मिळालेल्या डॉक्टरला त्यांचाच आधार असतो.

नगर रस्त्याने वाघोलीच्या पुढे गेल्यावर वढू बुद्रुक परिसरात याचे जुने उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात तिथे गावातल्याच महिलांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. घरोघरी जाऊन विचारपूस करण्याची हातोटी होती. कोयाजी यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमातही उपचारांइतकेच महत्त्व संवाद आणि संघभावनेला आहे. २०२२ मध्ये त्यात ‘कुटुंब दत्तक’ उपक्रमाची भर पडली. विद्यार्थी काही कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करतात. तरीही नोकरीच्या अर्जात बहुतेकदा ‘संवादकौशल्य उत्तम’ एवढेच उरते. ते कोणीही लिहू शकतो.

त्याऐवजी केलेले काम लिहावे. उदाहरणार्थ, ‘तीन कुटुंबांना नियमित भेटी, रक्तदाबाच्या नोंदी, गोळ्या मध्येच सोडलेल्यांचा आशाताईंसोबत पाठपुरावा.’ अशा ओळीवर मुलाखतीत पुढचा प्रश्न येतो आणि उमेदवाराकडे सांगण्यासारखे काही असते.

त्यासाठी भेटीच्या दिवशीच लॉगबुकमध्ये चार ओळी लिहाव्यात: अडचण काय होती, आपण काय केले, पुढे काय झाले, काय जमले नाही. शिक्षकांची सही तेव्हाच घ्यावी. काम गटाचे असेल, तर आपला वाटा तेवढाच सांगावा. रुग्णाचे नाव, पत्ता किंवा छायाचित्र अर्जात कधीही देऊ नये. गोपनीयता पाळणे हीसुद्धा डॉक्टरच्या कामाची पहिली अट आहे, आणि मुलाखत घेणारे ती नक्की पाहतात.