फारकतीचा कागद

विवाह मोडण्याचा निर्णय दोघांनी शांतपणे घेतला, न्यायालयात एकमेकांची उणीदुणी काढावयाची नाहीत असे ठरविले, आणि घर कोणाकडे राहावे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, दागिने केव्हा परत करावेत, हे सारे दिवाणखान्यात बसून मुद्रांकाच्या कागदावर लिहून काढले, तर त्या दांपत्याच्या समंजसपणाविषयी कोणालाही आदरच वाटेल. परंतु त्या कागदावर नोटरीचा शिक्का उमटला की सारे मिटले, ही जी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे, ती मला फार घातक वाटते. कारण रूढीने चालत आलेल्या काडीमोडीचा अपवाद सोडला तर अशा कागदाने हिंदू विवाह संपुष्टात येत नाही, आणि त्यातील रक्कम थकली तर वसुलीसाठी पहिल्यापासून दावा गुदरावा लागतो.

मुंबई प्रांताने 1947 साली कायदा करून हिंदूंना घटस्फोटाची वाट मोकळी केली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात 1976 साली कलम 13-ब आले आणि परस्परसंमतीने विभक्त होण्याची सोय झाली. मालमत्तेची वाटणी मात्र या कायद्याने फारशी हाती घेतली नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासूनच्या नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी निराळा करार नसल्यास, पतिपत्नींची मिळकत सामाईक मानली जाते. महाराष्ट्रात तसे नाही. घर पतीच्या एकट्याच्या नावे असेल, तर वीस वर्षे ते सांभाळणाऱ्या पत्नीचा त्यात आपोआप हिस्सा ठरत नाही; स्त्रीधन सर्वस्वी तिचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली स्पष्ट केले आहे, पण स्त्रीधन आणि पोटगी यांपलीकडे तिच्या पदरी जे पडावयाचे, ते बहुधा तडजोडीतूनच पडते. म्हणूनच ती तडजोड कच्च्या कागदावर राहू नये, असे मी कळकळीने म्हणतो.

त्याच अटी याचिकेसोबत कौटुंबिक न्यायालयात दाखल झाल्या, उभयतांची संमती खरी असल्याची न्यायाधीशांनी खात्री करून घेतली आणि त्या हुकूमनाम्यात समाविष्ट झाल्या, म्हणजे त्यांचे स्वरूपच पालटते. मग पैसे थकल्यास नवा दावा नको. अंमलबजावणीची दरखास्त द्यावी, आणि त्यावर न्यायालयास कायद्याच्या मर्यादेत पगाराची वा मिळकतीची जप्ती करता येते. मात्र अटींत रक्कम, तारीख आणि खाते स्वच्छ लिहिलेले हवे. ‘यथाशक्ती’, ‘वेळोवेळी’ अशा सौजन्याच्या शब्दांवर वसुली होत नाही. शिवाय हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, हे 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले असल्याने, सगळी रक्कम आधीच देऊन टाकणे किंवा सगळी नंतरवर सोडणे, दोन्ही धोक्याचे. ती टप्प्याटप्प्याने बांधून द्यावी.

काही गोष्टी लिहून दिल्या तरी सुटत नाहीत. पोटगीच्या एका प्रकरणात आठ हजार रुपये एकरकमी घेऊन पत्नीने पुढचा हक्क सोडल्याचे लिहून दिले होते. तरीही निर्वाहाचा तिचा स्वतंत्र दावा त्यामुळे अडत नाही, असा निकाल 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. अपत्याच्या निर्वाहाचा हक्क तर आईबापांना परस्पर सोडताच येत नाही.

सर्वांत अधिक घोटाळा घराच्या बाबतीत होतो. मिळकत याचिकेचाच विषय नसेल, तर संमतीच्या हुकूमनाम्यालाही नोंदणी लागते. तेव्हा हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवावे. घरावर दोघांच्या सहीने कर्ज असेल, तर ‘यापुढील हप्ते पती भरील’ ही अट बँकेला बांधीत नाही, कारण ती त्या तडजोडीत पक्षकारच नसते. उद्या हप्ते थकले, तर नोटीस त्या स्त्रीच्याही दारी येते. म्हणून आपले नाव कर्जातून कमी केल्याचे बँकेचे पत्र हाती येईपर्यंत तिने घरावरील हक्क सोडल्याची सही करू नये.