डेन्मार्क : बेटांचे आणि माळांचे राज्य

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे एक जुना डॅनिश किल्ला आजही उभा आहे. १६२० साली तेथे डेन्मार्कची वखार स्थापन झाली व १८४५ साली ते ठाणे ब्रिटिशांना विकण्यात आले. इतक्या दूरवर गलबते धाडणारा हा देश स्वतः मात्र आपल्या केरळहून थोडासाच मोठा आहे! ग्रीनलंड व फेरो बेटे याच राज्यात मोडतात; परंतु येथे विचार मूळ भूमीचाच करावयाचा आहे.

उत्तर समुद्र आणि बाल्टिक यांच्यामध्ये शिरलेले जटलंडचे द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेस विखुरलेली चारशेंहून अधिक बेटे, अशी या देशाची रचना आहे. राजधानी कोपनहेगन झीलंड बेटावर आहे. पर्वत असा नाहीच. सर्वांत उंच नैसर्गिक टेकडी १७१ मीटरांची, म्हणजे कुतुबमिनाराच्या अडीचपटही नाही. समुद्र मात्र सर्वत्र जवळ आहे, आणि तो स्वस्थ बसत नाही. १८२५ च्या वादळात त्याने पश्चिमेचा वाळूचा अरुंद पट्टा फोडला. तेव्हापासून जटलंडचे उत्तर टोक बेट होऊन राहिले आहे. रुब्येर्ग येथील दीपगृह तर कडा ढासळू लागल्यामुळे २०१९ साली रुळांवरून सुमारे सत्तर मीटर मागे न्यावे लागले.

पण डेन्मार्कवरील खरे संकट जमिनीवरून आले. १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी त्याचा पराभव केला, आणि श्लेस्विग, होल्स्टाइन व लाउएनबुर्ग हे प्रांत गेले. राज्याचा मोठा भाग हातचा निसटला. (उत्तर श्लेस्विग १९२० साली जनमत घेऊन परत मिळाले.) उरलेल्या जटलंडात मैलोगणती रेताड माळ होता. त्यावर हेदरच्या खुरट्या झुडपांवाचून फारसे काही उगवत नसे.

१८६६ साली एन्रिको डल्गास या लष्करी अभियंत्याने काही सहकाऱ्यांसह 'डॅनिश हीथ सोसायटी' स्थापन केली. वाळूखाली दगडासारखा कठीण थर होता व झाडांची मुळे तेथेच अडत. तो नांगरून फोडण्यात आला. आंबट जमिनीत चुनखडीयुक्त माती मिसळली. स्प्रूसची रोपे एकटी खुरटत. परंतु डोंगरी पाइनच्या सोबतीने लावली असता ती तग धरू लागली. वाऱ्याला आडोसा मिळाला आणि त्यामागे शेते उभी राहिली.

तोच परदेशचे स्वस्त धान्य आले व भाव कोसळले. शेतकरी गाईंकडे वळले. १८८२ साली पश्चिम जटलंडातील येडिंग येथे देशातील पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. गाय एक असो वा पन्नास, सभासदाला मत एकच, ही या डॅनिश दुग्धसंस्थांची रीत होती. लोण्याची प्रत कसोशीने सांभाळल्यामुळे ते इंग्लंडच्या बाजारपेठेत मानाने विकले जाऊ लागले.

आज त्या माळाचे थोडेच तुकडे उरले आहेत. ते नांगरण्यास मनाई असून, झाडी माजू नये म्हणून त्यांवर मुद्दाम मेंढ्या चारल्या जातात.