तळेगावच्या विद्यार्थ्याचा फुटबॉल हंगाम

तळेगाव (श्यामजी पंत) आणि आष्टी तालुक्यातील जो विद्यार्थी महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात येतो, त्याचा हंगाम किती अल्प मुदतीचा आणि तरीही किती दूरवर नेणारा असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून हा मजकूर. 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सामने बहुधा बाद पद्धतीचे असल्यामुळे एकाच पराभवाने वर्ष संपते. साखळी सामने अवश्य असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठ संघात निवडला गेलेला खेळाडू ‘कलर होल्डर’ ठरतो, पश्चिम विभागात गोवा, गुजरात, राजस्थान येथील विद्यापीठांशी झुंजतो, आणि विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र होतात.

परंतु खरी कसोटी आपल्या काळ्या मातीची. श्रावणात ती बुटांच्या खिळ्यांत अशी गच्च बसते, की पाय उचलणे जड होते आणि जमिनीलगत दिलेला पास मध्येच थबकतो. साहजिकच मुले चेंडू उंच मारावयास शिकतात, आणि पुढे हिरवळीच्या मैदानावर हीच सवय त्यांस नडते.

यंदा खेळू इच्छिणाऱ्यांनी वय 17 ते 25 वर्षांच्या मर्यादेत असल्याचा दाखला व बारावीची गुणपत्रिका महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाकडे मुदतीत सादर करावी.